सिंगापूर, मुक्काम पेण

नवं ग्राफिक्स कार्ड कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये मावेना, म्हणून मी कॅबिनेट कापून आणलं.

शेखर, हे तुला सांगायची गरज नाही. हा किस्सा तू रोह्यात इतक्या जणांना सांगितलास की एकदा स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याने मला "ते खोका कापणारे सर ना तुम्ही?" असं विचारलं होतं. पण तुझ्यावर लिहायला बसलो आणि पहिलं वाक्य हेच आलं. तुझं गागोद्याकडचं घर, तुझं शिक्षण, कंपनीतली तुझी शिफ्ट, हे सगळं बाकीचे लिहितील. मला ते धड लिहिता यायचं नाही, कारण त्यात मी कुठे येत नाही.

तर कार्ड. त्याची लांबी डब्यावर ठळक छापलेली होती. मी गणिताचा मास्तर. "आधी मोजा, मग मांडा" असं पोरांच्या डोक्यावर रोज ओरडणारा. कार्ड उघडलं, लावायला गेलो, तर ते पुढच्या पत्र्याला अडलं. तुला फोन केला तो तेव्हा नाही, नंतर.

"मावत नाय म्हणजे?"

"दोन बोटं बाहेर येतंय."

"मग परत देऊन टाक."

"डबा फाडला."

"मग कॅबिनेट दुसरं घे की."

"कापून आणलं. ग्रिलवाल्याकडून. ग्राइंडरने."

मग तू शांतपणे म्हणालास, "आतलं सगळं काढून कापलंस ना? नाय, एवढंच विचारतो." आतलं काढलं होतं. एवढी एक अक्कल त्या दिवशी मला होती आणि ती मी तुला पुढे कितीदा तरी ऐकवली. कापलेली कड बोचू नये म्हणून शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून मुकुटाचा उरलेला सोनेरी रंग आणून फासला. तू बघायला आलास तेव्हा त्या सोनेरी भगदाडासमोर हात जोडलेस.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. म्हणजे भांडणं आधीही होती, कॉलेजात होती, एसटी स्टँडमागच्या सायबर कॅफेत एका खुर्चीवर दोघं बसायचो तेव्हाही होती. पण हे पुढे टिकलं. तुझं म्हणणं, मशीन घरात आणायचंच कशाला? गेम तिकडे लांब कुठल्यातरी कंपनीच्या मोठ्या यंत्रावर चालू दे, आपल्याकडे फक्त चित्र येऊ दे. तुझ्याकडे ऑफिसातून मोडीत निघालेला लॅपटॉप होता. त्याचं एक बटण निखळलेलं. त्याच्यावर तू असा गेम चालवायचास की माझ्या कार्डाला घाम फुटावा.

"तू विहीर खणत बस," तू म्हणायचास, "धूळ तुझी, पंखा तुझा, लाइटबिल तुझं. माझ्या घरात नळ हाय."

"नळाची चावी कुणाच्या हातात आहे ते बघ," मी म्हणायचो. "त्याने फिरवली की बसशील बादली घेऊन."

"मग तुझ्याकडनं नेईन पाणी. सोनेरी विहीर हाय तुझी."

आणि एवढं सगळं कशासाठी? शाळेत पोरांना कळलं की सर कॉम्प्युटरवर गेम खेळतात, तेव्हा त्यांचे डोळे चमकले. कुठला गेम ते कळल्यावर विझले. आपण दोघं ट्रक चालवायचो. परदेशातल्या रस्त्यांवरून सिमेंट, फरशी, बटाटे एका गावाहून दुसऱ्या गावाला नेऊन पोचवायचे. कुणाला मारायचं नाही, कुणाला वाचवायचं नाही. सिग्नलला थांबायचं. पन्नाशीला टेकलेल्या दोन माणसांनी सुट्टीच्या दिवशी फुकटची हमाली करायची आणि कुणाची गाडी कमी घासली यावरून वाद घालायचा.

माझं कार्ड रस्त्यावरचं प्रतिबिंब फार सुंदर काढतं. प्रकाशाचा एकेक किरण कुठून निघाला, कुठे आपटला, याचा हिशेब करून ते ओल्या डांबरावर दिवे उतरवतं. मी तुला खुर्चीत बसवून दाखवलं होतं. तू नाक स्क्रीनला लावलंस आणि म्हणालास, "खरं वाटत नाय."

"काय खरं वाटत नाही?"

"खड्डा कुठाय? आमच्या नागोठण्यावरनं पेणला येताना एवढं सपाट प्रतिबिंब पडतं काय? पाच तुकड्यात पडतं."

मधल्या फ्रेमचं भांडण तर मिटलंच नाही. नव्या कार्डांत ती सोय आली, की कार्ड दोन चित्रं खरी काढतं आणि त्यांच्या मधलं एक अंदाजाने भरतं, म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसते. मी म्हणालो, ही भेसळ आहे. मी बंद करून ठेवली ती सोय. तू म्हणालास, डोळ्याला कळत नाय ना, मग तुझ्या पोटात का दुखतं? आपण तुझ्या गॅलरीत बसून चहा गार होईपर्यंत यावर बोललो. सुनंदा वहिनी कप न्यायला आल्या, उभ्या राहून ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे जे दिसतच नाय, त्याच्यावरनं तुम्ही दोघं भांडताय?" तू म्हणालास, "व्हय." मीही हो म्हणालो. तेवढ्या एका मुद्द्यावर आपलं एकमत होतं.

आता गंमत बघ. या काही दिवसांत तुला आठवायला बसलो की मला दोनच चित्रं नीट दिसतात. गॅलरीतला तू, आणि पलंगावरचा तू. त्यांच्या मधलं मी भरतो. तू असं म्हणाला असशील, असा हसला असशील. कुठलं खरं आणि कुठलं माझं, ते मलाही सांगता येत नाही, आणि काल तर मी तुझ्या तोंडी एक अख्खं वाक्य घातलं, जे बहुधा माझंच होतं. तुझा मुद्दा मान्य केला असं समजू नकोस. फक्त ती सोय मी परवा चालू केली, एवढं सांगतो.

तुझ्या हृदयाने कुरकुर सुरू केल्यावर डॉक्टरांनी आधी तुझा जिना बंद केला, मग फाटक, मग खुर्ची. राहिला पलंग, खिडकी आणि तो एका बटणाने कमी असलेला लॅपटॉप. तू तो पाटावर ठेवून दुपारभर ट्रक चालवायचास. चित्र उशिरा पोचायचं म्हणून तू ब्रेक आधीच दाबायला शिकला होतास. वहिनी शेजारी बसून वाल सोलायच्या आणि मान वर न करता सांगायच्या, "आता डावीकडं घ्या. मागल्या वेळी चुकलात तिथंच." तू फोनवर म्हणालास, "अरे, गेटपर्यंत जायचं नाय म्हणतात मला. आज नॉर्वेला जाऊन आलो." तेव्हा मला तुझा नळ पहिल्यांदा आवडला. सांगितलं नाही, तो भाग वेगळा.

आणि मग त्या कंपनीने तो गेम आपल्या यादीतून काढला. गेम तू विकत घेतलेला, ट्रक तुझा, सगळा प्रवास तुझ्या नावावर जमा. फक्त चालवायला मशीन नाही. तू मला हसत सांगितलंस, "फिरवली रे चावी तुझ्या त्या माणसानं."

हे वाक्य ऐकायची मी किती वर्षं वाट बघत होतो. उत्तर तोंडपाठ होतं. आणि ते तोंडातून येईना. तेवढ्यात वहिनी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेल्या असाव्यात, भांड्यांचा आवाज आला. त्या हळू म्हणाल्या, "भावोजी, तुमच्याशी हसतात. कालपासनं भिंतीकडं तोंड करून पडलेत. दूधसुद्धा नको म्हणतात."

माझं मशीन इथे पेणला दुपारभर रिकामंच असतं. मी शाळेत. त्याच्यावर तुझा गेम चालवायचा आणि चित्र रोह्याला पाठवायचं, ही सोय आता कुणालाही घरच्या घरी करता येते. अवघड होतं ते तुला सांगणं. तू कुणाचं काही घेतलंस कधी? माझ्या गाडीवरून आलास तर पंपावर पैसे द्यायला माझ्याआधी उतरायचास. "माझं मशीन वापर" म्हटलं असतं तर तू गोड बोलून नको म्हणाला असतास आणि परत भिंतीकडे वळला असतास. म्हणून मी सांगितलं, एक नवीन कंपनी निघाली आहे, चाचणी चालू आहे, त्यांना वापरून बघणारी माणसं हवी आहेत, काही द्यायचं नाही.

"सर्व्हर कुठाय त्यांचा?" तू विचारलंस.

"सिंगापूर," मी म्हणालो. सिंगापूरच का, ते माहीत नाही. त्या क्षणी दुसरं गावच आठवलं नाही.

रविवारच्या गाडीने येऊन मी सगळं बसवून दिलं. तुझा लाल ट्रक स्क्रीनवर आला. तू चालवलास. पहिल्याच सिग्नलला गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या कितीतरी अलीकडे थांबली. पुढच्याही. उशिराच्या चित्राची तुला सवय, आणि इथे चित्र लगेच येत होतं. तू माझ्याकडे बघितलंस. "सिंगापूर लय जवळ आलं रे," म्हणालास.

मी म्हणालो, तंत्रज्ञान पुढे गेलंय.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला. गेम चालू असताना माझ्या मशीनवर येणारे निरोप कोपऱ्यात दिसतात, हे मी बंद करायला विसरलो. तू परदेशातल्या घाटात असायचास आणि कोपऱ्यात आमच्या मुख्याध्यापकांचा निरोप उगवायचा. तू मला तसं काही बोलला नाहीस. संध्याकाळी फोन करून फक्त इतकंच विचारायचास, "चाचणीचे पेपर अजून तपासले नाहीस ना? साहेब गरम असतील." मला वाटायचं, रोह्यात बसून याला शाळेचं इतकं बरोबर कसं कळतं? आजारपणात माणसाला अंतर्ज्ञान येत असेल. शेखर, हे मी खरोखर काही दिवस मानत होतो.

मग गणपतीच्या कारखान्यांचा हंगाम आला. आमच्या आळीत रंगाचे कॉम्प्रेसर एकदम सुरू झाले की व्होल्टेज बसतं. पॉलिशपेपरची पांढरी धूळ खिडकीतून येऊन त्या सोनेरी भगदाडातून आत जाते. तुझा ट्रक भर रस्त्यात गोठायचा. एकदा मी घरीच होतो, मशीन बंद पडलं आणि लगेच तुझा फोन.

"पेणला लाइट गेली काय रे?"

"हो, आत्ताच गेली," मी म्हणालो.

"असं व्हय. सिंगापूरची पण गेली." मग थोडं थांबून, "तिकडं पण गणपतीचा सीझन सुरू झाला वाटतं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. खरं म्हणजे मी तेव्हा हसायला हवं होतं. "पकडलंस" म्हणायला हवं होतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "त्यांना तक्रार टाकतो." आणि तू म्हणालास, "टाक टाक."

तिथून पुढे आपण दोघांनी ते सिंगापूर सांभाळलं. तू मला त्याच्या तक्रारी सांगायचास, मी त्या पुढे पोचवतो म्हणायचो आणि रविवारी ब्रशने पंख्यांमधली धूळ काढायचो. तू एकदा विचारलंस, "तिथले लोक जेवतात कधी? दुपारी एक-दीडला जरा गाडी चिकटते." आमच्याकडे तेव्हा मिक्सर लागतो. मी बायकोला, मंजूला, मिक्सर सकाळीच फिरवून ठेवायला सांगितला. ती म्हणाली, "सरळ सांगून टाका ना त्यांना." मी म्हटलं, त्याला माहीत आहे. "मग?" कदाचित तू माझं घेत नव्हतास आणि मी तुला देत नव्हतो, आणि तरी रोज दुपारी पेणहून रोह्याला काहीतरी जात होतं, हेच बरं होतं.

एकदाच तू जवळ आला होतास. फोन ठेवता ठेवता म्हणालास, "त्या सिंगापूरवाल्याला माझा निरोप दे."

"काय देऊ?"

"सांग की बरं चाललंय. झोप लागते दुपारची."

"सांगतो," मी म्हणालो. आणि रेंज गेल्यासारखं "हॅलो, हॅलो" केलं. तेसुद्धा तुला कळलं असणार.

त्या दिवशी मी शाळेतून आलो तेव्हा माझ्या स्क्रीनवर तुझा लाल ट्रक रस्त्याकडेच्या वाहनतळावर उभा होता. गेममधला पाऊस पडत होता. वायपर हलत होते, इंजिन घरघरत होतं. तुझ्याकडून कनेक्शन सुटलेलं, म्हणजे लॅपटॉपचं झाकण मिटलेलं. मला वाटलं, पडला असेल जरा. तुझी झोप मोडू नये अशा बेताने मी आवाज कमी केला. आवाज माझ्या घरात, झोप तुझ्या घरात. तरी केला. आणि चहा ठेवायला गेलो. फोन तेव्हा आला.

मी ते मशीन बंद केलं नाही, शेखर. तुझ्याकडे येऊन गेलो, तुला पोचवून आलो, घरी परत आलो, तर ट्रक तसाच उभा. गेममधली सकाळ झाली होती. बटण दाबायला हात गेला आणि मागे आला. कुणीतरी आत बसलेलं आहे आणि आपण घराबाहेरून कडी लावतोय, असं काहीतरी वाटलं. मंजूने एकदा विचारलं, बंद कधी करणार? मग तिने विचारणं सोडलं आणि झाडू मारताना वायरींच्या बाजूने जायला लागली.

भीती कॉम्प्रेसरची होती. लाइट गेली की ट्रक गेला. मी शेजारच्या कारखान्यात जाऊन काही दिवस कॉम्प्रेसर थांबवता येईल का, असं विचारून आलो. तिथले मालक हातातला रंगाचा फवारा न सोडता म्हणाले, "मास्तर, तुम्ही चतुर्थी पुढं ढकलून आणा, मी लगेच थांबवतो." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "कुणी आजारी हाय का घरात?"

"नाही. मित्राचा ट्रक उभा आहे."

"कुठं? वडखळला?"

"जर्मनीत."

त्यांनी फवारा खाली ठेवला. संध्याकाळी स्वतःचा इन्व्हर्टर आणून जोडून दिला.

तेरावं झाल्यावर मी परत रोह्याला आलो. तुझी खोली आवरलेली होती. पलंगाची जागा तीच, पाट भिंतीला टेकवून ठेवलेला. वहिनींनी चहा दिला, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, तुमचं सिंगापूर चालू हाय अजून?"

मला ठसका लागला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"गल्लीला ठाऊक होतं."

मग मी त्यांना ट्रकचं सांगितलं. उभा आहे, इंजिन चालू आहे, मला बंद करवत नाही, असं सगळं. सांगताना ते किती वेडगळ आहे ते मला ऐकू येत होतं. त्या उठल्या, कपाटातून लॅपटॉप काढला, पाट पलंगावर मांडला आणि त्याच्यावर ठेवला. "लावा."

मी लावला. ट्रक आला. वहिनी स्क्रीनजवळ सरकल्या.

"पाऊस होता तेव्हा," त्या म्हणाल्या. "मला म्हणाले, चहा टाक गो, तवर गाडी कडेला घेतो. मी कप घेऊन आले तर झाकण लावून डोळे मिटलेले. मला वाटलं, आज चहाच्या आधीच झोपले." त्यांनी पदराने स्क्रीनवरची धूळ पुसली. धूळ नव्हती.

मी म्हणालो, "वहिनी, अशीच राहू दे. मी सांभाळतो. उभी राहू दे."

"कुणासाठी?"

मी लॅपटॉपची वायर सरळ केली.

"ह्यांनी माल कधी अर्ध्यात टाकला नाय. कंपनीत नाय आणि ह्याच्यातही नाय. उभी ठेवून काय पूजा करताय? चालवा."

"अहो, माल खोटा आहे तो."

"मला शिकवू नका. एवढ्या दुपारी बसले मी ह्यांच्या बाजूला. चालवा."

मी गिअर टाकला. या बाजूला बसून मी कधी चालवलंच नव्हतं. माझ्या घरातलं चित्र इथे पोचायला जो एवढासा उशीर होतो, तो मी बोटांना पहिल्यांदाच अनुभवत होतो. ट्रक निघाला, वळला, मी ब्रेक दाबला, आणि तुझ्या लाल गाडीची अख्खी बाजू दिव्याच्या खांबाला घासत गेली. एवढ्या वर्षांत तू जिला ओरखडा पडू दिला नव्हतास, ती गाडी.

"चित्र उशिरा येतंय," मी घाईघाईने म्हणालो. "ही लाइन आहे ना इथली..."

वहिनी खांबाकडे बघत होत्या. डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या हसत होत्या. "तुमचं मशीन एक नंबर हाय म्हणायचे."

माझा हात थांबला. शेखर, कार्ड आणल्यापासून हे एक वाक्य मी तुझ्याकडून ऐकायचा प्रयत्न करत होतो. चहा पाजला, प्रतिबिंबं दाखवली, एकदा तर सरळ विचारलं. तू दाद दिली नाहीस.

"खरंच म्हणाला असं?" मी विचारलं. मला राहवलं नाही. "आणखी काय म्हणाला?"

वहिनींनी पाट स्वतःकडे ओढला आणि पदर खोचला.

"म्हणाले, एवढं चांगलं मशीन आणि पडलंय बेकार ड्रायव्हरच्या घरात. सरका तिकडं."